बेचाळिसावी कडी

दर रविवारी दुपारी अडीचला मी बाजारातल्या दगडी क्रुसापाशी छत्री घेऊन उभी राहते. पाऊस असो नसो, छत्री लागतेच. उंच धरली की मागे रेंगाळणाऱ्यांना दिसते. कधी सहा माणसं जमतात, कधी पंधरा. बहुतेक माझ्यासारखीच, गुडघ्यांना जपत बसमधून उतरलेली. पत्रकावर छापलंय, ‘स्टॅनबोर्नची भुतं आणि इतिहास. शेवटी चहा.’ दुसऱ्या गावांतून अशा फेऱ्या काळोख पडल्यावर निघतात, काळे डगले घालून, हातात कंदील घेऊन. आमची दुपारी निघते, कारण सव्वापाचला शेवटची बस जाते.

मी एकतीस वर्षं गावच्या वाचनालयात काम केलं. जुने कागद वाचले, नोंदी जुळवल्या, आणि आयुष्यात एकही भूत पाहिलं नाही. फेरीच्या सुरुवातीलाच मी हे सांगून टाकते. लोक हसतात आणि मग जास्त विश्वासाने ऐकतात.

रस्ता ठरलेला आहे. आधी ‘काळा बैल’ ही सराई. तिच्या मागच्या जिन्यावर पावलं चढल्याचा आवाज येतो, उतरल्याचा कधीच येत नाही. मग कातडी कमावण्याचा जुना कारखाना. आता तिथे फ्लॅट झालेत, पण दमट दिवशी गल्लीच्या तोंडाशी ओल्या कुत्र्याचा वास येतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या पुरात मालकाची वाट बघत तिथे एक कुत्रा बुडाला होता. मग नदीवरचा पूल. पाणी इतकं नितळ की तळाशी थांबलेले ट्राउट मासे दिसतात. लोकांना तिथे रेंगाळायचं असतं. मी छत्री उंचावते आणि पुढे निघते.

शेवटी चर्च. त्याच्या किल्ल्या तीन पिढ्या डॉबांच्या घरात आहेत. आता मेल्विन डॉब सांभाळतो. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, पण माझ्यासमोर पोर. मागच्या टेबलावर त्याने चहाचं भांडं उकळत ठेवलेलं असतं आणि माझी मंडळी दारात दिसली की तो ओरडतो, “आली का गं ॲव्हिस तुझी भुतं? पाय पुसून या म्हणावं. भुतांना पाय असतात ते माझ्याच चर्चमध्ये!”

आमच्या चर्चमध्ये छताखालच्या तुळईला कागदी मुकुट टांगलेले आहेत. एक्केचाळीस. वाकवलेल्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पांढऱ्या कागदाची फुलं, आणि खाली दोऱ्यांना लोंबणारे पाच कागदी हातमोजे. प्रत्येक मुकुट एका मुलीचा. गावात जन्मलेली, लग्नाआधी वारलेली, आणि जिच्या नावाला कुणी बोट लावलं नाही अशी. सगळ्यांत जुना १७४० सालचा, शेवटचा १९३८ सालचा. कागद चहासारखे पिवळे पडलेत.

अंत्ययात्रेत मुकुट शवपेटीच्या पुढे चालायचा. पण तो लगेच वर चढत नसे. तीन रविवार तो चर्चच्या दारात टांगून ठेवायचे, हाताला येईल इतका खाली. हातमोजे त्यासाठीच होते. जुन्या काळी हातमोजा म्हणजे आव्हान. त्या मुलीच्या चारित्र्याबद्दल कुणाची हरकत असेल तर त्याने एक हातमोजा तोडायचा, पाद्र्याच्या हाती द्यायचा आणि काय ते तोंडाने सांगायचं. तीन रविवार पाचही हातमोजे शाबूत राहिले, की मुकुट आधी चर्चच्या आतल्या माडीच्या कठड्याला आणि तिथून तुळईवर चढवायचे. एकदा चढला की तो कुणी उतरवायचा नाही. आपोआप गळून पडेपर्यंत तो तिचा.

एक्केचाळिसाव्या मुकुटाच्या पलीकडे तुळईत आणखी एक लोखंडी कडी आहे. रिकामी. कुणीतरी विचारतंच. तेव्हा मी म्हणत असे, “ही बसवून ठेवली, पण सुदैवाने वापरावी लागली नाही. रिकामी आहे, रिकामीच राहो.” लोकांना हे वाक्य आवडायचं. बायका हलकेच ‘आमेन’ म्हणायच्या. मग आम्ही चहाला वळायचो. बावीस वर्षं मी हे वाक्य म्हणत होते.

गेल्या एप्रिलमधल्या पहिल्या रविवारी लाल टोपीतली एक बाई आली होती. बर्नलीची. नवऱ्याला घेऊन. माझं वाक्य म्हणून झालं, पण ती वर बघतच राहिली.

“आणि ही शेवटची कोण हो?” तिने विचारलं. “हिचा कागद अगदी कोरा दिसतोय.”

“ती मेबल स्पिअरिंग. १९३८. वर्षाला एकदा आम्ही धूळ झटकतो.”

“मेबल वाचलं मी पाटीवर. तिच्या पलीकडची विचारतेय.”

“पलीकडे कडी आहे नुसती.”

“मॉरीन, चष्मा पूस,” नवरा म्हणाला.

“तूच पूस तुझा. इतकं ढळढळीत दिसतंय माणसाला!” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पाच हातमोजे असतात म्हणालात ना? हिला चारच आहेत. एक दोरा नुसताच लोंबतोय.”

मी वर पाहिलं. तुळई, कडी, आणि कडीवर खिडकीतून आलेला थोडा उजेड. बाकी काही नाही. मी म्हटलं, “ऊन असं पडलं की होतं कधी कधी.” माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. बावीस वर्षांची सवय असते.

पण चहा मी त्या दिवशी घेतला नाही. चार हातमोजे आणि एक मोकळा दोरा, हे माहीत असणारं या गावात कुणीही जिवंत नव्हतं. निदान मी तसं समजत होते.

१९५६ साली मी एकोणीस वर्षांची होते. लिनेट ट्रस्कॉटही. ती बेकरीत होती, मी वाचनालयात नुकतीच लागले होते. दोघींत मिळून आम्ही एक हिरवा कोट घेतला होता. तसा हिरवा रंग गावात दुसऱ्या कुणाच्या अंगावर नव्हता. एक आठवडा तो तिचा, एक आठवडा माझा. शनिवारी संध्याकाळी आम्ही तो बदलायचो, आणि देणारीने खिशात काहीतरी ठेवायचं असा नियम होता. पेपरमिंटची गोळी, पिसं, कधी ‘मिस्टर हॉबले आज पावावर शिंकले’ अशी चिठ्ठी. लिनेटला हसू आवरायचं नाही. हसताना ती समोरच्याचा दंड धरायची. अजून कधी कुणी माझा दंड धरला की मला पीठ आणि यीस्टचा वास येतो.

त्या हिवाळ्यात नदीच्या राखणदाराच्या झोपडीतून हिरवा कोट बाहेर पडताना मिसेस टिझर्डने पाहिला. माशांवर देखरेख करणारा तो माणूस बायकोपोरांचा होता. मिसेस टिझर्डला चेहरा दिसला नाही, कॉलर वर होती. तिने पाहिलं तितकंच सांगितलं, पण सगळ्यांना सांगितलं. तो आठवडा कुणाचा होता हे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

माझा होता.

लिनेटने मला काही विचारलं नाही. बेकरीत गिऱ्हाइकं तिच्याकडे वाकडी बघायला लागली तेव्हाही नाही. फक्त त्या शनिवारी कोट देताना खिशात काही ठेवलं नाही.

मार्चमध्ये तिला मेंदूज्वर झाला आणि चार दिवसांत ती गेली. तिच्या आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुकुट केला. मी शेजारी बसून फुलं कातरली. हातमोज्यांची वेळ आली तेव्हा मिसेस ट्रस्कॉट म्हणाली, “तुझा हात ठेव गं कागदावर. तुमचे दोघींचे हात सारखेच होते.” पेन्सिल माझ्या बोटांभोवती पाच वेळा फिरली. तिने एकदाही मान वर केली नाही.

मुकुट दारात लागला. पहिला रविवार गेला, दुसरा गेला.

माझं तेव्हा लेनर्ड पिनॉकशी ठरत होतं. त्याच्या घरचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि घरात सगळं त्याच्या आईच्या शब्दावर चालायचं. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी तिने मला चहाला बोलावलं. लेनर्डला कोळसा आणायला पाठवलं. मग कपात दूध ओतत म्हणाली,

“तो हिरवा कोट कुणाचा गं, ॲव्हिस?”

“आमचा दोघींचा. आठवड्याआड.”

“आणि टिझर्डबाईने पाहिला तो आठवडा?”

मी कपात चमचा फिरवत राहिले.

“गेलेल्या पोरीबद्दल मी वाईट कशाला बोलू? उद्या तिचा मुकुट वर चढला की गावाच्या दृष्टीने ती सोन्यासारखी. तेही बरंच आहे. मग उरतं कोण, एवढंच आपलं माझ्या मनात आलं.” तिने केकची बशी पुढे केली. “घे ना. बियांचा आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना संपली, लोक जेवायला घरी गेले, तेव्हा मी चर्चमध्ये परत आले. दार उघडंच असायचं. मुकुट माझ्या कपाळाच्या उंचीवर होता. मी एक हातमोजा ओढला. दोरा तुटेल असं वाटलं होतं, पण कागदच फाटला, मनगटापाशी. तो मी पाद्र्याच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि निघून आले. पाद्र्याच्या हाती दिला नाही, तोंडाने काही बोलले नाही. जुना पाद्री असता तर त्याने तो फेकून दिला असता, कारण बोलल्याशिवाय हरकत होत नाही. पण हा नवा होता, बर्मिंगहॅमहून आलेला. त्याला कुणीतरी अर्धंच सांगितलं होतं, की हातमोजा उतरला तर मुकुट चढत नाही. संध्याकाळी तो उतरवला गेला.

दोनशे वर्षांत असं पहिल्यांदा झालं. त्यानंतर गावातल्या कुठल्याही आईने मुकुट करायची हिंमत केली नाही. लोक विचारतात, प्रथा का बंद पडली? मी सांगते, काळ बदलला.

जूनमध्ये माझं लग्न झालं. केक मिसेस ट्रस्कॉटने केला होता. पुढे पंधरा वर्षं ती दर रविवारी त्या रिकाम्या कडीखालच्या बाकावर बसायची, आणि बाहेर पडताना कधी मधी माझ्या हाताला धरून विचारायची, “कुणी केलं असेल गं, ॲव्हिस?” दर वेळी मी म्हणायचे, “काय माहीत हो.” ती गेली तेव्हा तिच्या उशाशी मी होते. तेव्हाही तिने विचारलं होतं.

दुसऱ्या रविवारी माझ्याबरोबर अकरा जण होते. मी कडीचा विषयच काढला नाही. पण डेव्हायझेसहून तीन बहिणी आल्या होत्या. त्यातली मधली म्हणाली, “तो एक माडीच्या कठड्याला का अडकवलाय? दुरुस्तीला काढलाय का?”

“तो नवीन असेल,” थोरली म्हणाली. “लोकांना कळावं म्हणून करून ठेवतात तसा. छान केलाय हो. तुम्ही केलात?”

“चारच हातमोजे केलेत,” धाकटी म्हणाली. “कंटाळल्या असतील.”

तिघी हसल्या. बाकीच्यांनीही माना वळवून कठड्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्या नजरा एकाच जागी थांबल्या. एकाने मोबाइलवर फोटो काढला, पडद्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि मोबाइल खिशात टाकला. मीही तिकडे पाहत होते. मला कठडा दिसत होता, त्याच्यावरचं कोरीवकाम, लाकडातली भेग.

ती मंडळी गेल्यावर मी मेल्विनला म्हटलं, “कठड्याला काही अडकवलंयस का रे?”

तो कप विसळत होता. 

“मागच्या रविवारी वर होता,” तो म्हणाला. “या रविवारी तिथे आलाय.”

“तुला दिसतो?”

“सगळ्यांना दिसतो, ॲव्हिस.” त्याने नळ बंद केला. “तुला नाही दिसत?”

मी मान हलवली.  मग त्याने हात पुसले आणि मला घरापर्यंत सोडायला आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

घरी आल्यावर मी हिशोबी बाईसारखी विचार करू लागले. वर, मग कठड्याला, मग… मुकुट वर चढतानाचीच वाट होती ती, फक्त उलटी. पुढची जागा मला ठाऊक होती.

तो आठवडा मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. कपाटं आवरली. लेनर्डच्या फोटोची काच पुसली. एकोणपन्नास वर्षं त्याने मला चांगली बाई समजून संसार केला आणि तसंच समजून गेला. गावातही तेच. माझ्या नावाचं एक बाक नदीकाठी बसवायचं चाललं होतं. मी ठरवलं, येत्या रविवारी सांगायचं. हरकत तोंडाने घ्यायची असते, तर ती मागेही तोंडानेच घ्यायची. लिनेटचं नाव त्या कडीखाली लागलं पाहिजे, आणि मला वेळ फार उरलेला नाही.

तिसऱ्या रविवारी चौदा जण होते. मी सराईचा जिना सांगितला, कुत्रा सांगितला. पुलावर त्या दिवशी मी थांबले. राखणदाराची झोपडी आता नाही, पायाचे दगड आहेत फक्त. कुणी विचारलं, “इथे काय?” मी म्हटलं, “ते पुढे.”

चर्चच्या दारात मी पहिली शिरले. पाठीमागून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला.

“अहो बाई, जपून!” एक गृहस्थ म्हणाले. “डोक्याला लागला तुमच्या. फाटला असता.”

“केवढा सरसरला!” त्यांची बायको म्हणाली.

मी काही ऐकलं नव्हतं. केसांना काही लागलं नव्हतं. मी वळून पाहिलं. चौदा माणसं दाराच्या डाव्या बाजूने, खांदे चोरत, एकामागून एक आत येत होती. उंच होते ते वाकत होते. एका बाईने हात वर करून काहीतरी अलगद बाजूला धरलं, नवऱ्याला वाट दिली, आणि सोडलं. दाराचा उजवा निम्मा भाग मोकळा होता. तिथे फक्त बाहेरचं ऊन होतं.

मेल्विन चहाच्या टेबलामागे उभा होता. तो त्या दिवशी ओरडला नाही.

मी सगळ्यांना बाकांवर बसवलं आणि बोलले. कोट, झोपडी, मेंदूज्वर, टेबलावरची कात्री. सासूचा चहा. फाटलेला कागद. पाद्र्याच्या टेबलावरचा हातमोजा. काही गाळलं नाही असं मला वाटलं.  

मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“काय सांगता हो तुम्ही! अंगावर काटा आला,” मघाचे गृहस्थ म्हणाले. “आणि तो मुकुट दारात टांगायची कल्पना तर फारच उत्तम.”

मागच्या बाकावर एक तरुण जोडपं होतं. त्यातली मुलगी म्हणाली, “पण एवढंच? कुणीतरी कुणाबरोबर होतं, बस? बिचाऱ्या! आमच्या ऑफिसातल्या कुणाचाच मुकुट मग वर चढला नसता.” सगळे हसले. मीही हसले. हे मला लिहायलाच हवं. मीही हसले.

ते चहा पिऊन, डावीकडून वाकत, बससाठी गेले.

मेल्विनने दार लोटलं. “चांगलं सांगितलंस,” तो म्हणाला.

“झालं एकदाचं.”

“‘एक मुलगी’ म्हणालीस तू.”

“काय?”

“‘ट्रस्कॉटांच्या मुलीची एक मैत्रीण होती,’ असं सुरू केलंस. ‘त्या मुलीने हातमोजा ओढला. ती मुलगी घरी गेली.’ शेवटपर्यंत ती मुलगी, ती मुलगी.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “माझा बाप त्या दिवशी माडीवर झोपला होता, जेवणानंतर. कागद फाटल्याच्या आवाजाने उठला. त्याने पाहिलं तुला. मरताना मला सांगून गेला. मी म्हटलं, सांगेल ती आपण होऊन. चाळीस वर्षं होतील आता.”

चाळीस वर्षं तो मला चहा देत होता. दोन चमचे साखर, न विचारता.

“बोलला का नाहीस?”

“माझ्याकडे किल्ल्या आहेत, ॲव्हिस. बाकीचं माझं नाही.”

मी दाराकडे तोंड केलं. रिकाम्या जागेला म्हटलं, “ती मी होते.”  पुन्हा म्हटलं. “कोट माझ्या अंगावर होता. लिनेट ट्रस्कॉटचा काही दोष नव्हता. हातमोजा मी ओढला. मी. ॲव्हिस पिनॉक.”

“काय झालं?” मी मेल्विनला विचारलं.

“काही नाही.”

“वर गेला?”

“तिथेच आहे.”

“मेल्विन, मला तिथे ने. माझा हात लाव.”

त्याने माझं मनगट धरलं. दोन पावलं चाललो. त्याने माझा हात उचलला, कपाळाच्या उंचीवर नेला आणि सोडला. “समोरच आहे,” तो म्हणाला. “थोडा पुढे कर.”

मी बोटं पुढे केली. हवा होती. आणखी पुढे केली.

नुसती हवा.

“ॲव्हिस,” मेल्विन म्हणाला, “हात मागे घे.”

“का?”

“घे आधी.”

मी हात मागे घेतला. त्याने मला दुसऱ्या दाराने बाहेर काढलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. त्याने काय पाहिलं ते मला कधी सांगितलं नाही, आणि मी दोनदा विचारून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी पाद्रीबाईंकडे गेले. जोआना त्यांचं नाव, माझ्या नातीच्या वयाच्या आहेत. त्यांनी सगळं ऐकलं, माझे हात हातात घेतले. “मिसेस पिनॉक, किती वर्षं हे उरावर घेऊन फिरलात! यात तुमच्या दोघींनाही लाज वाटण्यासारखं काय होतं? लाज त्या गावाला वाटायला हवी होती.” त्या मनापासून बोलत होत्या. मला त्यांना सांगता आलं नाही, की गाव गेलं, सासू गेली, मिसेस ट्रस्कॉट गेली. ज्यांच्यासमोर मान खाली घालायची, त्यांतलं कुणी उरलं नाही, आणि जे उरलेत ते मान वर करायला सांगतात. बाकाचंही तेच. मी नको म्हटलं, तरी ते बसवलं. ‘धीराच्या ॲव्हिस पिनॉकसाठी’ असं त्यावर लिहिलंय. मी त्या वाटेने जात नाही.

त्या रविवारनंतर कुणालाच काही दिसलं नाही. जोआनाबाईंच्या परवानगीने मी नवा मुकुट केला. काड्या मेल्विनने आणल्या. हातमोज्यांचं माप मी स्वतःच्या हातावरून घेतलं नाही, आता बोटं वाकडी झालीत. शेजारच्या मुलीला हात ठेवायला सांगितला. पाच हातमोजे. तीन रविवार तो दारात राहिला, कुणी हात लावला नाही, आणि जुलैमध्ये मेल्विनने शिडी लावून तो बेचाळिसाव्या कडीला चढवला. खाली पाटी आहे, लिनेट ट्रस्कॉट, १९५६. हा मुकुट मला दिसतो. सगळ्यांना दिसतो.

फेरी अजून चालू आहे. कडीखाली उभी राहून मी आता ‘मी’ म्हणते. लोक सहानुभूतीने बघतात. एखादी बाई दंड धरते.

परवा एक वयस्क बाई सारखी वर बघत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “बाकीच्यांचे हातमोजे सरळ लोंबतायत. या मुकुटाचे सगळे पलीकडे का झुकलेत?”

“वारा असेल,” मी म्हटलं.

मेल्विनने जाऊन दोन्ही दारं लावून घेतली.

मी बाकाला वळसा घातला आणि मुकुटाच्या दुसऱ्या बाजूला, पलीकडे, जाऊन उभी राहिले. मी वर पाहिलं नाही. त्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांची नजर हातमोज्यांवर होती, आणि ती हळूहळू, माझ्यापासून दूर, मी आधी उभी होते त्या बाजूच्या भिंतीकडे सरकत गेली.